रॉस बेट

रॉस बेट : बंगालच्या उपसागरातील अंदमान द्वीपसमूहातील एक लहान बेट व ब्रिटिशांच्या अंदमानातील बंदिवसाहतीचे १८५८ ते १९४१ या काळातील मुख्य ठाणे. क्षेत्रफळ सु. ०·३ चौ. किमी. दक्षिण अंदमानच्या पूर्व किनाऱ्यावरील पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम्) या बंदराच्या मुखाशीच हे बेट असून शहराच्या धक्क्यावरून नावेने काही मिनिटांत तेथे पोहोचता येते. सागरी सर्वेक्षक डॅन्येल रॉस याच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. भारत सरकारने ३० डिसेंबर २०१८ रोजी त्याचे ‘नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप’ असे नामांतर केले; तथापि व्यवहारात जुने नावही अद्याप प्रचलित आहे.

आज हे बेट निर्मनुष्य म्हणता येईल इतके शांत आहे. भारतीय नौदलाची छोटी तुकडी आणि दिवसा येणारे प्रवासी सोडले, तर येथे मनुष्यवस्ती नाही. नारळीची दाट झाडी, मोकळे फिरणारे ठिपक्यांचे हरीण, मोर आणि वडपिंपळांच्या मुळांनी चोहोबाजूंनी वेढलेल्या छप्पर नसलेल्या भिंती, असे त्याचे स्वरूप आहे. काही ठिकाणी मुळे विटांमध्ये इतकी खोल शिरली आहेत, की भिंत झाडाला धरून आहे की झाड भिंतीला, हे सांगता येऊ नये. प्रवाशास हे दृश्य रम्य वाटते आणि ते रम्य आहेच. परंतु या भिंती कोणी बांधल्या, कोणासाठी बांधल्या आणि त्या बांधल्या जात असताना समोरच्या किनाऱ्यावर काय चालले होते, हे कळल्याशिवाय या शांततेचा अर्थ लागत नाही. रॉस बेटावर तुरुंगाची मोठी इमारत नव्हती. तुरुंग चालविणाऱ्यांचे ते गाव होते. अंदमानचा इतिहास लिहिताना सेल्युलर जेलकडे सर्वांचे लक्ष जाते व त्याच्या समोरच असलेले हे बेट सहलीच्या प्रकरणात ढकलले जाते. वस्तुतः दोहोंचा विचार एकत्रच करावयास हवा.

गुन्हेगारांना समुद्रापार पाठविण्याची प्रथा ईस्ट इंडिया कंपनीने अंदमानपूर्वीच सुरू केली होती. १७८७ पासून सुमात्रावरील बेंकूलेन, त्यानंतर पिनांग, मलाक्का व सिंगापूर, तसेच १८१५ पासून मॉरिशस येथे हिंदुस्थानातील बंदिवान धाडले जात. रस्ते, पूल, गोद्या यांसाठी फुकट मजूर मिळणे, हा त्यातील एक हेतू. दुसरा हेतू धाकाचा होता. समुद्र ओलांडल्याने जात जाते, ही समजूत हिंदू समाजात खोल रुजलेली होती आणि राज्यकर्त्यांनी तिचा जाणीवपूर्वक उपयोग करून घेतला. मराठीतील ‘काळ्या पाण्याची शिक्षा’ या शब्दप्रयोगात त्या धाकाची खूण अजून शिल्लक आहे.

अंदमानात पहिली वसाहत लेफ्टनंट आर्चिबॉल्ड ब्लेअर याने १७८९ मध्ये चॅटम बेटावर स्थापन केली. १७९२ मध्ये ती उत्तर अंदमानात हलविण्यात आली. मात्र तेथील रोगट हवेमुळे १७९६ मध्ये ती सोडून द्यावी लागली. पुढे साठ वर्षे या बेटांकडे कोणी फारसे पाहिले नाही. १८५७ च्या उठावानंतर मात्र शिक्षा झालेल्या हजारो लोकांना ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न तातडीचा बनला. सिंगापुरातील यूरोपीय रहिवाशांनी बंडवाल्यांना तेथे आणण्यास विरोध केला. तेव्हा सरकारने डॉ. फ्रेडरिक जॉन मोआट याच्या नेतृत्वाखाली एक समिती अंदमानच्या पाहणीस पाठविली. नोव्हेंबर १८५७ मध्ये निघालेली ही समिती जानेवारी १८५८ मध्ये परतली आणि तिने ब्लेअरच्या जुन्याच बंदराची शिफारस केली. समितीने येताना एका अंदमानी पुरुषास पकडून कलकत्त्यास आणले होते. तेथे त्याची छायाचित्रे काढण्यात आली, तो आजारी पडला, तेव्हा त्याला परत नेऊन किनाऱ्यावर सोडण्यात आले. पुढील शतकात बेटांच्या मूळ रहिवाशांच्या वाट्यास जे येणार होते, त्याची ही नांदी म्हणावी लागेल.

१० मार्च १८५८ रोजी डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर हा २०० बंदिवान घेऊन ‘सेमिरामिस’ या जहाजाने पोर्ट ब्लेअरला आला. तो पूर्वी आग्र्याच्या तुरुंगाचा अधीक्षक होता. प्रथम चॅटम बेटावर मुक्काम पडला. परंतु तेथे पाण्याची टंचाई होती. लवकरच रॉस बेट साफ करण्यास सुरुवात झाली. त्याची निवड होण्यामागील कारणे उघड आहेत. बंदरात शिरणारे प्रत्येक जहाज या बेटावरून दिसते. खुल्या समुद्रावरील वारा मिळत असल्याने मुख्य भूमीच्या दलदलीपेक्षा येथील हवा बरी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एकीकडे बंदिवान आणि दुसरीकडे जंगलातील अंदमानी, या दोहोंपासून येथे पाण्याच्या पट्ट्याचे संरक्षण होते. पहारेकऱ्यांची संख्या थोडी असताना ही गोष्ट निर्णायक ठरली.

बेटावरील घनदाट जंगल बंदिवानांनी कुऱ्हाडी-कोयत्यांनी तोडले. पावसाळा सुरू होण्यापूर्वी निवारे उभे राहिले पाहिजेत, असा वॉकरचा आग्रह होता. पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब सरकारी नोंदींत उपलब्ध आहे आणि तो जसाच्या तसा देणे इष्ट होईल. १६ जून १८५८ पर्यंत एकूण ७७३ बंदिवान उतरविण्यात आले. त्यांपैकी ६४ जण रुग्णालयात मरण पावले, १४० जण पळून गेले ते परत मिळाले नाहीत, एकाने आत्महत्या केली आणि ८७ जणांना पलायनाच्या प्रयत्नाबद्दल फाशी देण्यात आले. उरले ४८१. पळून गेलेल्यांतील बहुतेक उपासमारीने मेले किंवा अंदमानींच्या बाणांना बळी पडले असावेत. चालत गेल्यास ब्रह्मदेशाच्या राजाचा मुलूख लागतो व तो आपणास आश्रय देईल, अशी वदंता त्यांच्यात पसरली होती. आपण बेटावर आहोत, हेच त्यांतील अनेकांना ठाऊक नव्हते. पकडून आणलेल्यांपैकी बहुसंख्यांना एकाच वेळी फासावर चढविण्यात आले. वरिष्ठ सरकारलाही हे फार झाले, असे वाटले आणि पलायनाबद्दल फाशी देण्यास वॉकरला मनाई करण्यात आली. ऑक्टोबर १८५९ मध्ये त्याच्या जागी आलेला कॅप्टन हॉटन याने शिस्त थोडी सौम्य केली.

या पहिल्या तुकड्यांत शिपाई होते, जमीनदार होते, तसेच विद्वानही होते. ख्यातनाम पंडित मौलाना फज्ले हक खैराबादी हे १८५९ मध्ये येथे आले व १८६१ मध्ये अंदमानातच वारले. आपल्या बंदिवासाची हकीकत त्यांनी अरबीत लिहून ठेवली. पुढे वहाबी खटल्यातील मौलाना मुहम्मद जाफर थानेसरी १८६६ मध्ये आले. त्यांना कारकुनी मिळाली आणि इंग्रज अधिकाऱ्यांना हिंदुस्थानी भाषा शिकविण्याचे कामही त्यांच्याकडे आले. १८८३ मध्ये सुटका होऊन परतल्यावर त्यांनी उर्दूत लिहिलेले आत्मवृत्त ‘काला पानी’ या नावाने प्रसिद्ध आहे. वसाहतीच्या कचेरीचे कामकाज बंदिवानाच्या लेखणीवर चालावे व साहेबांना त्याच्याकडून धडे घ्यावे लागावेत, ही रॉस बेटावरील जीवनाची एक विलक्षण बाजू त्यातून समजते.

वसाहतीचा दुसरा संघर्ष मूळ रहिवाशांशी होता. जंगलतोड सुरू होताच ग्रेट अंदमानी टोळ्यांचे हल्ले सुरू झाले. मे १८५९ मध्ये त्यांनी मोठ्या संख्येने ॲबर्डीन येथील तळावर चाल केली. दूधनाथ तिवारी नावाचा एक शिपाई बंदिवान एप्रिल १८५८ मध्ये पळून सु. एक वर्ष त्यांच्यात राहिला होता. तेथे त्याने विवाहही केला होता. हल्ल्याची पूर्वसूचना त्यानेच इंग्रजांना दिली. त्याबद्दल त्याला माफी मिळाली. ‘ॲबर्डीनची लढाई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चकमकीत धनुष्यबाणांचा बंदुकांपुढे टिकाव लागला नाही. तिवारीच्या वर्तनाचा निवाडा इतिहासकारांनी निरनिराळ्या प्रकारे केला आहे. एका पराभूत बंडातील शिपायाने दुसरे बंड मोडण्यास हातभार लावला, एवढे मात्र निश्चित.

लढाईने जे साधले नाही, ते सलोख्याने साधले. १८६३ मध्ये पाद्री हेन्री कॉर्बिन याने रॉस बेटावर ‘अंदमान गृह’ सुरू केले. त्याच वर्षाच्या आरंभी एक इंग्रज खलाशी अंदमानींच्या हातून मारला गेला होता व त्याबद्दल दोघांना पकडून रॉसवर ठेवण्यात आले होते. एका स्त्रीवर बळजबरी करण्याचा त्या खलाशाने प्रयत्न केला होता, हे मागाहून उघडकीस आले. अंदमान गृहात अन्न, वस्त्र व तंबाखू मिळे; इंग्रजी शब्द शिकविले जात; बाहेर जाण्यावर मात्र पहारा असे. या सहवासातून उपदंश पसरला. १८७७ मध्ये गोवराची साथ आली आणि तिने टोळ्याच्या टोळ्या नष्ट केल्या. गृहात जन्मलेली बहुतेक मुले दोन वर्षांची होण्यापूर्वीच दगावली. १८५८ मध्ये काही हजारांच्या घरात असलेल्या ग्रेट अंदमानींची संख्या १९०१ च्या जनगणनेत ६२५, तर १९६१ मध्ये केवळ १९ भरली. उरलेल्यांना पुढे स्ट्रेट बेटावर वसविण्यात आले. त्यांच्यापैकी बो भाषा बोलणारी अखेरची वृद्धा २०१० मध्ये निधन पावली. बंदिवसाहतीच्या बळींची गणना करताना ज्यांना कोणतीही शिक्षा झालेली नव्हती, अशा या लोकांचा समावेश क्वचितच केला जातो.

बंदिवसाहत स्थिरावत गेली तसे रॉस बेटाचे रूप पालटले. उत्तरेकडील उंचवट्यावर मुख्य आयुक्ताचा प्रशस्त बंगला उभा राहिला. त्याच्या खालच्या अंगास दगडी प्रेस्बिटेरियन चर्च, अधिकाऱ्यांचा क्लब, कनिष्ठ गोऱ्या नोकरांचा वेगळा क्लब, सैनिकांच्या बराकी, रुग्णालय, छापखाना, पावभट्टी, बाजार, टेनिसचे मैदान, पोहण्याचा तलाव आणि दफनभूमी अशी एकेक भर पडत गेली. समुद्राचे पाणी ऊर्ध्वपातनाने गोडे करण्याची यंत्रसामग्री आणि वीजघरही पुढे आले. चर्चच्या खिडक्यांच्या चौकटी ब्रह्मी सागवानाच्या होत्या. क्लबांतही दर्जानुसार फरक होता, यावरून या चिमुकल्या बेटावर पायऱ्यापायऱ्यांचा समाज किती काटेकोरपणे जपला जात असे, ते दिसून येते. बेटाला ‘पूर्वेकडील पॅरिस’ म्हटले जाई, असे प्रवासी पुस्तिकांतून वारंवार सांगितले जाते. ही उपमा मुख्यतः दूरच्या ठाण्यावर कंटाळलेल्यांच्या समाधानासाठी असावी.

या सर्वांसाठी लागणारे श्रम बंदिवानांचे होते. दगड फोडणे, चुना भाजणे, विटा पाडणे, समुद्रकाठची भिंत बांधणे येथपासून साहेबांच्या घरातील स्वयंपाक, बागकाम, पंखा ओढणे, मुले सांभाळणे येथपर्यंतची सर्व कामे तेच करीत. खुनाच्या आरोपाखाली जन्मठेप झालेला मनुष्य गोऱ्या मुलाला कडेवर घेऊन हिंडत आहे, हे दृश्य बेटावर नेहमीचे होते व पाहुण्यांना त्याचा अचंबा वाटे. वस्तुतः त्यात अचंबा करण्यासारखे फारसे नव्हते. येथे येणाऱ्यांतील पुष्कळ जण जमिनीच्या, मानापमानाच्या किंवा वैराच्या भांडणात एकदाच हात उचललेले शेतकरी होते. ते सराईत गुन्हेगार नव्हते. अधिकाऱ्यांनाही हे ठाऊक होते आणि वसाहतीची सर्व व्यवस्था त्याच गृहीतावर चाले.

ही व्यवस्था शिडीसारखी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरलेल्या पद्धतीनुसार जन्मठेपीच्या बंदिवानास प्रथम सहा महिने एकांत कोठडीत कडक शिस्तीत काढावे लागत. नंतर दीड वर्ष इतरांबरोबर तुरुंगात कष्टाचे काम असे. पुढील तीन वर्षे तो टोळीबरोबर बाहेर काम करी व रात्री बराकीत कोंडला जाई. मोबदला फक्त अन्नाचा. त्यानंतर पाच वर्षे थोडा भत्ता मिळे आणि वर्तन चांगले असल्यास इतर बंदिवानांवर देखरेख करण्याचे काम मिळे. टिंडल, पेटी अफसर, जमादार हे अधिकारी अशा रीतीने बंदिवानांतूनच तयार होत. थोड्या गोऱ्यांनी हजारोंवर सत्ता चालविण्याचे रहस्य यातच होते, आणि बंदिवानांचा सर्वांत जास्त छळही बहुधा या मधल्या माणसांकडूनच होई. दहा वर्षांनी परवाना मिळून बंदिवान ‘स्वावलंबी’ बने. त्याला खेड्यात घर, जमीन, गुरे बाळगता येत. बायकामुलांना बोलावून घेता येई किंवा स्त्री-बंदिवानांपैकी कोणाशी सरकारच्या संमतीने विवाह करता येई. बेटे सोडण्याची मात्र मुभा नसे. वीस ते पंचवीस वर्षांनी काहींची पूर्ण सुटका होई. १९०१ मध्ये वसाहतीत ११,९४७ बंदिवान होते.

स्वावलंबी बंदिवानांच्या विवाहांतून जात, धर्म व प्रांत यांची बंधने बाजूस सारणारा एक नवा समाज निर्माण झाला. त्यास अंदमानात ‘लोकल बॉर्न’ असे म्हणतात. त्यांची बोली हिंदुस्थानी. जात जाण्याच्या धाकावर उभारलेल्या शिक्षेतून जातीचे बंधन शिथिल झालेला समाज जन्मास यावा, हा या इतिहासातील मोठा विरोधाभास होय. तो कोणी योजलेला नव्हता.

व्यवस्थेवरील हा विश्वास ८ फेब्रुवारी १८७२ रोजी हादरला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हा वसाहतीच्या पाहणीसाठी आला होता. दिवसभरात त्याने रॉस, व्हायपर इ. ठिकाणे पाहिली आणि सायंकाळी सूर्यास्त पाहण्यासाठी तो मौंट हॅरिएट या टेकडीवर गेला. अंधार पडल्यावर पायथ्याच्या होपटाउन धक्क्यावर तो नावेत बसण्यास निघाला असता शेर अली आफ्रिदी या पठाण बंदिवानाने त्याच्यावर सुऱ्याने वार केले व त्यात मेयोचा मृत्यू झाला. पदावर असताना हत्या झालेला हा एकमेव व्हाइसरॉय. शेर अली पूर्वी इंग्रज अधिकाऱ्यांच्या सेवेत स्वार होता. कौटुंबिक वैरातील खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली होती. अंदमानात चांगल्या वर्तनामुळे त्याला न्हाव्याचे काम करण्याची मोकळीक मिळाली होती. मार्च १८७२ मध्ये त्याला व्हायपर बेटावर फाशी देण्यात आले. तेथे कर्नल फोर्डच्या कारकीर्दीत १८६४–६७ या काळात तुरुंग बांधण्यात आला होता; वधस्तंभाची लाल विटांची इमारत अद्याप टेकाडावर उभी आहे. मौंट हॅरिएटला २०२१ मध्ये ‘मौंट मणिपूर’ हे नाव देण्यात आले. १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरचे राजे कुलचंद्र सिंह व त्यांचे सहकारी यांना अंदमानात धाडण्यात आले होते, त्याचे हे स्मारक आहे.

रॉस बेटाच्या समोर, ॲबर्डीनच्या उंचवट्यावर, सेल्युलर जेल कसा आला याचे कारण उद्‌बोधक आहे. १८९० मध्ये चार्ल्स लायल व ए. एस. लेथब्रिज यांनी वसाहतीची पाहणी केली. हिंदुस्थानातील तुरुंगांपेक्षा कैदी अंदमान पसंत करू लागले आहेत, असे त्यांना आढळले. काही वर्षांनी जमीन व संसार मिळण्याची आशा असल्याने काळ्या पाण्याची भीती ओसरली होती. समुद्राचा धाक पुरेनासा झाला, तेव्हा भिंतींचा धाक निर्माण करावा, असा त्यावर उपाय सुचविला गेला. त्यानुसार १८९६ ते १९०६ या काळात बंदिवानांकडूनच हा तुरुंग बांधून घेण्यात आला. मध्यवर्ती मनोऱ्यापासून निघणाऱ्या सात तीनमजली पाख्या आणि ६९३ एकांत कोठड्या अशी त्याची रचना होती. प्रत्येक पाख्याचे तोंड दुसऱ्या पाख्याच्या पाठीकडे असल्याने एका बंदिवानास दुसऱ्याचा चेहरा दिसत नसे. मनोऱ्यावरून मात्र पूर्वेस रॉस बेट स्पष्ट दिसते.

या तुरुंगातील राजबंदींचा छळ मराठी वाचकास प्रामुख्याने वि. दा. सावरकर यांच्या ‘माझी जन्मठेप’ (१९२७) या ग्रंथामुळे परिचित आहे. गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकर १९१० मध्ये, तर विनायकराव जुलै १९११ मध्ये येथे आले. नासिक खटल्यातील वामनराव जोशी हेही येथे होते. कोलूला जुंपून रोज ३० पौंड तेल काढणे, छिलका कुटणे, दंडाबेडी व खडीबेडी या शिक्षांचे आणि बारी या तुरुंगाधिकाऱ्याचे वर्णन मराठीत रूढ झाले आहे. १९१२ मध्ये इंदुभूषण रॉय या बंगाली राजबंद्याने आत्महत्या केली व उल्हासकर दत्त यांना वेड लागले. सावरकर बंधूंना मे १९२१ मध्ये हिंदुस्थानात परत आणण्यात आले. १९३२ पासून राजबंद्यांच्या नव्या तुकड्या आल्या, त्यांत चितगाव शस्त्रागार प्रकरणातील क्रांतिकारकही होते. मे १९३३ मधील उपोषणात सक्तीने अन्न घालण्याच्या प्रयत्नात महावीर सिंह, मोहन किशोर नामदास व मोहित मैत्र हे मृत्युमुखी पडले. १९३७ च्या उपोषणानंतर राजबंद्यांना परत पाठविणे सरकारला भाग पडले व जानेवारी १९३८ पर्यंत ते पूर्ण झाले. या साऱ्या काळात आदेश रॉसवरून निघत आणि सायंकाळी क्लबातील दिवेही तेथेच लागत.

दरम्यान वसाहतीचे स्वरूप बदलत होते. १९१९–२० च्या भारतीय तुरुंग समितीने हद्दपारीची पद्धत बंद करण्याची शिफारस केली आणि सरकारने ती तत्त्वतः मान्यही केली. पण हिंदुस्थानातील तुरुंगांत जागा नव्हती. उलट १९२१ च्या मोपल्यांच्या बंडानंतर मलबारातील शेकडो शिक्षा झालेले लोक येथे आणले गेले व त्यांच्या कुटुंबांना वसण्यास उत्तेजन देण्यात आले. दक्षिण अंदमानातील कालिकत, मण्णारघाट यांसारखी गावांची नावे ही त्यांचीच आठवण होय.

२६ जून १९४१ रोजी झालेल्या तीव्र भूकंपाने रॉस बेटावरील इमारतींना तडे गेले व मुख्य ठाणे पोर्ट ब्लेअरला हलविण्यात आले. त्यानंतर नऊ महिन्यांनी, २३ मार्च १९४२ रोजी, जपानी सैन्य प्रतिकाराशिवाय उतरले. मुख्य आयुक्त वॉटरफॉल कैद झाला. मेजर बर्ड याचा शिरच्छेद करण्यात आला. जपान्यांनी रॉसवर संरक्षणासाठी खंदकवजा पक्के निवारे बांधले, ते आजही दिसतात. २९ डिसेंबर १९४३ रोजी सुभाषचंद्र बोस अंदमानात आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पोर्ट ब्लेअर येथे राष्ट्रध्वज फडकविला. रॉसवरील आयुक्ताच्या बंगल्यात त्यांचा मुक्काम होता, असे सांगतात. बेटाचे सध्याचे नाव या घटनेशी निगडित आहे. त्याच सुमारास हेरगिरीच्या संशयावरून अनेक स्थानिक नागरिक सेल्युलर जेलमध्ये डांबले गेले होते. त्यांत इंडियन इंडिपेंडन्स लीगचे स्थानिक अध्यक्ष डॉ. दिवाणसिंह हेही होते. जानेवारी १९४४ मध्ये छळामुळे त्यांचा मृत्यू झाला. ३० जानेवारी १९४४ रोजी हंफ्रीगंज येथे ४४ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. ऑगस्ट १९४५ मध्ये अन्नाची टंचाई असताना शेकडो लोकांना हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात लोटून देण्यात आले. नेताजींना बंदींची ही स्थिती दाखविण्यात आली नव्हती. ध्वजारोहणाचा अभिमान व या अत्याचारांची आठवण या दोन्ही गोष्टी अंदमानातील जुन्या कुटुंबांत एकत्र नांदतात.

ऑक्टोबर १९४५ मध्ये ब्रिटिश परतले. बंदिवसाहत रद्द झाली. रॉसवर मात्र कोणीच परतले नाही. सोडलेल्या इमारतींची दारे, खिडक्या, पत्रे लोकांनी नेले, आणि उरलेले काम पावसाने व झाडांनी केले. उष्ण कटिबंधातील विपुल पर्जन्यात वडाच्या एका बीजाला भिंतीतील एक फट पुरते. एप्रिल १९७९ मध्ये बेट भारतीय नौदलाच्या ताब्यात आले व अवशेष काही प्रमाणात मोकळे करून तेथे एक लहान संग्रहालय उघडण्यात आले. त्याच वर्षी ११ फेब्रुवारीस सेल्युलर जेल राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाला होता. त्याच्या सात पाख्यांपैकी आता तीनच उभ्या आहेत. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीचा तडाखा रॉसला बसला. बंदराच्या मुखाशी ते असल्याने पोर्ट ब्लेअरचा बचाव झाला, अशी स्थानिकांची भावना आहे.

बेटावर फिरताना अवशेषांची ओळख पावभट्टी, क्लब, चर्च, बंगला अशा नावांनी होते. ही सर्व नावे वापरणाऱ्यांची आहेत, बांधणाऱ्यांची नव्हेत. दफनभूमीत वसाहतीच्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबांतील थडगी आहेत. त्यांत तापाने दगावलेल्या लहान मुलांचीही आहेत आणि ती पाहून कोणासही वाईट वाटेल. बंदिवानांना मात्र नाव कोरलेला दगड मिळत नसे. हयातीत त्यांच्या गळ्यात क्रमांकाचा लाकडी बिल्ला असे. राजबंद्यांची नावे आता सेल्युलर जेलमध्ये संगमरवरावर कोरली आहेत, ते योग्यच झाले. परंतु वसाहतीत आलेल्यांत राजबंद्यांचे प्रमाण फार थोडे होते. उरलेले हजारो सामान्य बंदिवान कोठल्या गावचे होते आणि कोणत्या भांडणापायी येथे पोहोचले, ते नोंदवह्यांतील एकेका ओळीपुरते उरले आहे. हरणांचीही कथा याच्याशी जुळणारी आहे. ती येथील मूळची नसून ब्रिटिश काळात आणून सोडलेली आहेत. मुख्य अंदमान बेटांवर पसरलेल्या या प्राण्यांनी जंगलातील रोपांची बरीच हानी केली आहे. रॉसवर मात्र ती प्रवाशांच्या हातून खाण्यास सरावली आहेत.

प्रवाशांना बेटावर मुक्काम करता येत नाही. नावा ज्या धक्क्यावरून सुटतात, त्याच्या परिसरातच ॲबर्डीनच्या लढाईचे स्मारक आहे. ते त्या लढाईत पडलेल्या अंदमानींच्या स्मरणार्थ उभारण्यात आले आहे.